मनगट

मंगळवारी संध्याकाळी मुलीला मैत्रिणीकडे जायचं होतं, ती दारात वाकून बूट घालत होती, तेवढ्यात मुलगा मागून आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, धरून तिला आपल्याकडे वळवलं, हनुवटी खाली केली आणि आवाज जमेल तेवढा जाड करून म्हणाला, "माझं ऐकून घेतल्याशिवाय तू जायचं नाहीस." नऊ वर्षांचा आहे, जेमतेम ताईच्या खांद्याला लागतो. ती जोरात हसली, आतून नवरा हसला, मी पण हसले, कारण नक्कल अगदी हुबेहूब होती, रविवारी आम्ही सगळ्यांनी बसून बघितलेल्या सिनेमातली. मग ती म्हणाली, सोड रे, उशीर होतोय. त्याने सोडलं नाही, परत तेच वाक्य, तोच आवाज. ती परत सोड म्हणाली, तेव्हाही हसतच होती. तिसऱ्यांदा मात्र तिने हाताला हिसका दिला आणि निघाली, आणि जिना उतरताना मला दिसलं की ती एका हाताने दुसरं मनगट चोळतेय. हसत होती आणि चोळत होती, दोन्ही एकदम.

ते चोळणं पुढे कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही.

आता रविवारचं सांगते. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली प्रेमकथा, मोठमोठी घरं, मेणबत्त्या, घोडागाड्या, हातमोजे, बॉलरूम, असा सगळा थाट. मला हा प्रकार फार आवडतो आणि पोरांबरोबर, आईबरोबर एकत्र बसून बघावा असं खूप दिवसांपासून मनात होतं. पण एकत्र बघायचं म्हटलं की आधी कुणीतरी एकट्याने बघून ठेवावं लागतं, आणि आमच्या घरात ते काम माझं. शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून मी तो अख्खा सिनेमा बघितला, मांडीवर एक कागद घेऊन. ३८ व्या मिनिटाला बेडरूमचा सीन, साधारण चाळीस सेकंद. १ तास १२ व्या मिनिटाला नदीत आंघोळ, पाठ दिसते. शेवटाकडे दोन चुंबनं, त्यातलं एक लांब. समोर छोट्या अक्षरांत काय करायचं ते लिहिलं, इथे पॉज, इथे पाणी मागायचं, इथे फॉरवर्ड, इथे राहू दे. कागदाची घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि समाधानाने झोपले. वाटलं, आपण आपलं काम नीट केलं.

आणि रविवारी सगळं खरंच सुरळीत झालं. ३८ ला मी पाणी मागितलं, मुलगा उठून गेला, येईपर्यंत सकाळ झाली होती, सिनेमात. नदीच्या वेळी फॉरवर्ड केलं. आईला इंग्रजी बोलणं पटकन पकडता येत नाही, त्यामुळे मी मध्ये मध्ये तिला मराठीत सांगत होते, हा काय म्हणाला, ती काय म्हणाली. ५४ व्या मिनिटाला लायब्ररीचा सीन आला. बाहेर पाऊस, आत एकच मेणबत्ती, ती पुस्तक परत ठेवायला आलेली आणि तो आधीपासून तिथे. ती जायला निघते. तो तिचं मनगट धरतो. ती काहीतरी पुटपुटते, तो सोडत नाही, म्युझिक चढत जातं आणि तो ते वाक्य म्हणतो. आणि ते वाक्य मी आईसाठी मराठीत केलं. "माझं ऐकून घेतल्याशिवाय तू जायचं नाहीस." म्हणताना मी आवाज नक्कीच खाली आणला असणार, कारण त्या सीनला तसाच आवाज शोभतो.

म्हणजे मंगळवारी मुलाच्या तोंडी जे वाक्य आलं ते माझं होतं. शब्द माझे, बहुतेक आवाजसुद्धा माझाच.

कागद परत काढून बघितला. ५४ त्यावर नव्हतं. लिहायचं राहून गेलं असंही नाही, मला तिथे लिहिण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. उलट शनिवारी रात्री तो सीन मी मागे नेऊन दोनदा बघितला होता. अंगावर काटा आला होता. हे मी लपवून काय करू, मला तो सीन आवडतो, आणि त्या जातीचे सीन मला पंधरा-सोळा वर्षांची असल्यापासून आवडतात. हिरॉईन रागाने निघते, हिरो तिला अडवतो, दंड धरतो किंवा भिंतीला हात टेकवून वाट बंद करतो, आणि तिच्या चेहऱ्यावर राग, भीती आणि अजून काहीतरी असं एकत्र येतं, आणि ते 'अजून काहीतरी' म्हणजेच प्रेम, असं माझ्या मनात कुठेतरी पक्कं बसलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. कुणी नाही शिकवलं म्हणूनच बहुतेक एवढं पक्कं बसलं.

लहानपणी आमच्या घरात एकच टीव्ही, आणि तो मधल्या खोलीत, जिथून सगळे सतत ये-जा करणार. सिनेमा चालू असला आणि नायक-नायिका जरा जवळ आले की खोलीतली हवा बदलायची. बाबांचा पेपर वर यायचा. आई उठून आत जायची, भांड्यांचा आवाज यायचा. मी आणि भाऊ एकमेकांकडे न बघता खाली बघत बसायचो, कान गरम व्हायचे, सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत राहायचं. आणि मग पडद्यावर फुलं, पक्षी किंवा लाटा दिसल्या की सगळे आपापल्या जागी परत, काही झालंच नाही असे. त्या शाळेत मी नेमकं काय शिकले? की जवळ येणं ही खाली बघण्याची गोष्ट. आणि त्याच सिनेमात नायक नायिकेच्या मागे मागे फिरतो, तिची वाट अडवतो, तिची ओढणी धरतो, ती चिडते तर गाणं म्हणतो, त्या वेळी कुणाचाही पेपर वर जायचा नाही. तेव्हा सगळे हसायचे. बाबा तर खूप हसायचे. त्यांच्याइतका मवाळ माणूस मी बघितलेला नाही, आयुष्यात त्यांनी आईवर कधी आवाज चढवला नाही, तरी हसायचे. तेव्हा मी वर मान करून, पापणी न लवता बघत असायचे. म्हणजे खाली बघायचं तिथे खाली बघून एक शिकले आणि वर बघायचं तिथे वर बघून दुसरं शिकले.

हे लक्षात आल्यावर मी सिनेमांना वयानुसार मिळणाऱ्या रेटिंगच्या नादी लागले, म्हणजे आपण ज्यावर इतकं विसंबतो ते लोक तरी काय मोजतात ते बघू. आपल्याकडे २०२४ पासून यूए चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांच्या शिक्क्याचे, तीन तुकडे झालेत, ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे, हे चांगलंच झालं, नऊ वर्षांचा आणि पंधरा वर्षांचा यांना एका पारड्यात टाकणं चूकच होतं. अमेरिकेत १९६८ पासून अक्षरं आहेत, ब्रिटनमध्ये त्यांची वेगळी. पण सगळीकडे मोजणी मात्र साधारण एकाच जातीची. किती कातडी दिसली, किती वेळ दिसली, शिव्या किती, रक्त किती. 'टायटॅनिक'मध्ये नायिका कपडे काढून चित्र काढून घेते, तरी १९९७ साली त्याला अमेरिकेत पीजी-१३ मिळालं, म्हणजे तेरांखालच्यांच्या पालकांना नुसता सावधगिरीचा इशारा, आणि २०१० च्या 'द किंग्ज स्पीच'ला, ज्यात तोतरा बोलणारा राजा उपचाराचा भाग म्हणून एका दमात शिव्या देतो, त्याहून कडक आर, म्हणजे सतरांखालच्यांना मोठ्यांबरोबरच प्रवेश. ब्रिटनच्या बोर्डाने त्याच सिनेमाला आधी १५ दिलं, म्हणजे पंधरांखालच्यांना नाहीच, आणि वितरकांनी दाद मागितल्यावर १२ए वर आणलं, म्हणजे बारांखालच्यांनाही मोठ्यांबरोबर चालेल. मी त्या बोर्डांना नावं ठेवत नाहीये, मोजता येतं तेच मोजणार ना कुणीही, मी तरी कागदावर दुसरं काय केलं होतं. चुंबन सेकंदात मोजता येतं. मनगट धरणं कशात मोजायचं? दोन सेकंदांचं आहे, कातडी जेमतेम चार बोटं दिसते, रक्त नाही, शिवी नाही. कुठल्याच चाळणीत अडकत नाही ते.

जुन्या हॉलीवूडमध्ये तर १९३४ ते १९६८ अशी चौतीस वर्षं लेखी नियमावली लागू होती, चुंबन वासनेचं नको, मिठी तशी नको, हावभाव सूचक नकोत. आणि त्याच काळातले सिनेमे आठवून बघा, हिरोने जबरदस्तीने जवळ ओढलंय, हिरॉईन दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारतेय, मारता मारता मुठी सैल होतात आणि हात त्याच्या गळ्यात जातात. किती वेळा बघितलंय आपण हे. नियमावलीला ते चाललं. कारण शेवटी तिचे हात गळ्यात गेले ना, मग सगळं रीतसर.

मग मला वॉल्ट्झ नावाच्या जोडीनाचाची गोष्ट सापडली आणि मी बराच वेळ त्यात रमले. आमच्या सिनेमात एक मोठा बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ आहे, शंभरेक जोड्या गोल गोल फिरतायत, झुंबरं, पायघोळ झगे, आणि माझ्या कागदावर त्यापुढे एक शब्दही नव्हता, उलट हा सीन आईला फार आवडेल असं मनात होतं, आणि आवडलाही. पण १८१६ च्या जुलैमध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने याच नाचावर तोफ डागली होती. राजघराण्याच्या बॉलमध्ये वॉल्ट्झ झाला, स्त्री-पुरुषांची शरीरं एकमेकांना इतकी बिलगलेली, हे इंग्लिश बायकांच्या मर्यादेत बसत नाही, आणि आईबापांनो, तुमच्या मुलींना या साथीपासून सांभाळा, अशा अर्थाचं लिहिलं होतं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची माझ्यासारखी कुणी बाई मांडीवर कागद घेऊन बसली असती तर तिने 'वॉल्ट्झ – पाणी मागायचं' असं लिहिलं असतं, आणि लायब्ररीतल्या मनगटाचं तिनेही काही लिहिलं नसतं. आम्हा दोघींच्या कागदांत दोनशे वर्षांचं अंतर, आणि दोघींच्या कागदावर तीच एक जागा रिकामी, हे मला फार लागलं.

नवऱ्याला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, अगं पण तेव्हा असंच होतं ना, काळच तसा दाखवलाय. हे अर्धं खरंय. आणि जे खरंय ते मुलांना कळायला हवं असंच माझं मत आहे, म्हणून तर मला हे पीरियड सिनेमे दाखवायचे होते. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईला कायद्याने वेगळं अस्तित्वच उरायचं नाही, तिची कमाई, तिच्या वस्तू, सगळं नवऱ्याचं. ते पुरतं बदलायला १८८२ चा कायदा यावा लागला. १८५७ पासून नवऱ्याला बायकोच्या व्यभिचारावरून घटस्फोट मागता यायचा, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरपणा किंवा सोडून जाणं असं अजून काहीतरी सिद्ध करावं लागायचं. आणि एक केस वाचून तर मी थांबलेच. १८९१ साली एका नवऱ्याने, जिला त्याच्याकडे राहायचं नव्हतं त्या आपल्या बायकोला, चर्चमधून बाहेर पडताना माणसं घेऊन पकडलं, गाडीत घातलं आणि घरात ठेवून घेतलं. खालच्या कोर्टाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अपिलात न्यायाधीशांनी सांगितलं की नवऱ्याला बायकोला असं कोंडून ठेवायचा हक्क नाही, आणि तिला मोकळं केलं. नवरा तिला धरून ठेवू शकतो का, हा तोवर खरोखरचा, कोर्टात भांडण्याचा प्रश्न होता. आमच्या सिनेमातली लायब्ररी त्याच्याही सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधीची. त्या लायब्ररीत त्या बाईचं मनगट पकडलं जातं तेव्हा तिच्या बाजूने कायदा नाही, पैसा नाही, आणि कुणी बघितलं असतं तर बदनामी तिचीच.

पण सिनेमा हे दाखवतो का? सिनेमा पाऊस दाखवतो. माझी अडचण ही आहे. काळ दाखवायचा म्हणून तो अन्यायही दाखवला तर मी चारही जणांना घेऊन बसेन, मध्येमध्ये थांबवून बोलेन, मुलाला वाईट वाटलं तरी चालेल, वाटायलाच हवं. पण काळाचे झगे घ्यायचे, झुंबरं घ्यायची, आणि त्या काळातली बाईची कोंडी घेऊन तिला अत्तर लावायचं, ती कोंडीच प्रेम म्हणून विकायची, हे मला झेपत नाही. हेच वाक्य आजच्या कपड्यांतल्या कुठल्या मुलाने लिफ्टपाशी मुलीचं मनगट धरून म्हटलं असतं तर शनिवारी रात्रीच माझा पेन चालला असता. मखमलीचा कोट आणि मेणबत्ती आली आणि पेन थांबला. पीरियड ड्रामा म्हणजे 'स्वच्छ', घरात बसून बघण्यासारखा, हा समज माझाही होता, आणि तो कपड्यांनी गळ्यापर्यंत झाकल्यामुळे होता असं आता वाटतं.

आणि तरीही. तरीही मी हे सिनेमे टाकून देऊ शकत नाही, कारण हात हातात घेणं म्हणजे काय हे मला दाखवलं तेही ह्याच सिनेमांनी. १९९३ चा 'द एज ऑफ इनोसन्स', त्याला अमेरिकेत साधं पीजी आहे, पीजी-१३ पेक्षाही सौम्य, त्यात घोडागाडीत एक माणूस एका बाईच्या हातमोज्याची बटणं सोडवतो आणि उघड्या मनगटावर ओठ टेकवतो. बस एवढंच. मी अंधारात बसून बघत होते आणि श्वास अडकला होता. मनगटच आहे तिथेही, पण बटणं एक एक करून सुटतात, तेवढ्या वेळात तिला हात कधीही मागे घेता आला असता. आणि २००५ चा 'प्राइड अँड प्रेज्युडिस', ब्रिटनमध्ये त्याला यू मिळालं, म्हणजे लहान मुलांनाही चालेल असं, त्यात नायक तिला गाडीत चढायला हात देतो, क्षणभर, आणि वळून चालायला लागतो तेव्हा कॅमेरा त्याच्या हाताकडे जातो, ती बोटं नुसती ताणली जातात आणि परत मिटतात. धरलेला हात त्याने सोडलाय आणि सोडल्यावर त्याला काय होतंय ते आपण बघतोय. हा सीन मला माझ्या मुलाला दाखवायचाय.

त्या सिनेमाच्या मूळ कादंबरीत, जेन ऑस्टिनच्या, १८१३ सालच्या, तर ही गोष्ट फारच लख्ख आहे आणि इतकी वर्षं वाचूनही माझ्या ती अशी लक्षात आली नव्हती. नायिका एलिझाबेथ दोन पुरुषांना लग्नाला नाही म्हणते. पहिला तो कॉलिन्स, त्याला तिचं नाही ऐकूच येत नाही, तो तिला उलट समजावतो की बायका पहिल्यांदा नाही म्हणतातच, कधी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदासुद्धा म्हणतात, त्याचा अर्थ तसा घ्यायचा नसतो. ती परत सांगते, परत सांगते, तो खूशच. दुसरा डार्सी, तो हात सोडणारा नायक. गर्विष्ठ, तिला दुखावणारा, मागणी घालतानाही तिच्या घरच्यांना कमी लेखणारा. ती नाही म्हणते. तो चिडतो, कारण विचारतो, आणि ऐकून निघून जातो. दुसऱ्या दिवशी पत्र देतो आणि परत जातो. आणि शेवटी जेव्हा पुन्हा विचारतो तेव्हा म्हणतो की तू एक शब्द उच्चारलास तर मी हा विषय कायमचा बंद करेन. सगळं प्रेम त्या वाक्यात आहे मला वाटतं. दोनशे वर्षांपूर्वी, 'तेव्हा असंच होतं' त्या काळात, अविवाहित राहिलेल्या एका बाईने हे लिहून ठेवलंय. तेव्हा काळाची सबब सिनेमावाल्यांना तरी देता येणार नाही.

मुलीशी बोलायला मला दोन रात्री लागल्या. कसं सुरू करावं कळेना. शेवटी ती केस विंचरत होती तेव्हा म्हटलं, परवा त्याने तुझा हात धरला तेव्हा दुखलं का. ती म्हणाली, थोडं. मग मी लायब्ररीच्या सीनबद्दल विचारलं, तुला आवडला का. ती आरशातच बघत म्हणाली, हो, पण तिला जायचं होतं ना. मी गप्प. ती म्हणाली, "तिने हात दोनदा ओढला, मी बघितलं. तू आजीला सांगत होतीस ना तेव्हा, म्हणून तुझं लक्ष नसेल." माझं लक्ष होतं. मी तो सीन तोवर तीनदा बघितला होता. मला एकदाही हात ओढलेला दिसला नव्हता, मला फक्त चेहरे दिसले होते. तिला मी तेव्हा हे सांगितलं नाही, नंतर सांगितलं. आणि पाणी मागण्याबद्दल तिने स्वतःच विषय काढला, म्हणाली तेवढं नको करूस, आम्हाला कळतं, उलट जास्त लक्ष जातं. तेरा वर्षांची आहे. मला वाटत होतं की माझं काम तिला झाकून ठेवण्याचं आहे, आणि ती माझ्यापेक्षा जास्त नीट बघत होती.

आईला मी वेगळं विचारलं, दुपारी, ती पडली होती तेव्हा. म्हटलं, आई, आम्ही लहान असताना सिनेमात तसं काही आलं की तू उठून का जायचीस, इतकी लाज वाटायची का. ती जरा वेळ बोलली नाही, मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "लाज मला नाही गं. मी बसले असले की तू खाली बघायचीस. मी गेले की नीट बघायचीस. मला आतून दिसायचं." मी तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं मी त्या भांड्यांच्या आवाजाचा राग मनात धरला होता. ती मला एकटीला बघू देत होती, तिच्या परीने तिने दिलेली मोकळीक होती ती. मला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं, की मग नंतर येऊन बोललीस का नाहीस, एक वाक्य तरी, काय बघितलंस गं म्हणून. ओरडले नाही. तिलाही कुणी असं बसवून विचारलं नव्हतं. तिने कूस बदलली आणि म्हणाली, तो नाच परत लाव ना एकदा, वेळ असला की.

मुलाशी कसं बोलायचं हे मात्र मला सुचतच नव्हतं. त्याने काही वाईट केलं नव्हतं, त्याला जे सुंदर वाटलं ते त्याने करून बघितलं, मुलं तसंच शिकतात. रागावले असते तर त्याला एवढंच कळलं असतं की हात धरणं ही खाली बघण्याची गोष्ट आहे, आणि ते तर मला परत नकोच होतं. शनिवारी सकाळी तो एकटाच सोफ्यावर लोळत होता, मी तो सिनेमा लावला, ५४ व्या मिनिटावर आणला आणि आवाज पूर्ण बंद केला. म्हटलं, नुसतं बघ, तिच्या हाताकडे बघ.

आवाज नसला की पाऊस नुसताच काचेवरचं पाणी होतो. मेणबत्ती नुसती मेणबत्ती. एक मोठा माणूस दारापाशी उभा आहे, एक बारीक मुलगी पुस्तक ठेवून निघते, तो हात पकडतो. ती हात ओढते. एकदा. तो बोलतोय, ओठ हलतायत. ती दाराकडे बघते, मग परत ओढते, आणि तिची बोटं अशी पसरतात, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. मग मिटतात. हे मी आत्ता पहिल्यांदा बघत होते. मुलगा उठून बसला होता. म्हणाला, "ती घाबरलीय." मी काही बोलले नाही. म्हणाला, परत लाव. परत लावलं. या वेळी तो टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, इथे, इथे ओढतेय बघ. मग माझ्याकडे वळला, "पण त्या दिवशी तर असं नव्हतं. तेव्हा छान वाटलं होतं. हा तोच सीन आहे?"

म्हटलं तोच आहे, थांब, आणि आवाज लावून परत सुरुवातीपासून सोडला. पाऊस आला. व्हायोलिन हळूहळू वर चढायला लागलं, त्याचा तो घोगरा आवाज आला, मनगट धरलं गेलं आणि माझ्या अंगावर परत काटा आला, अगदी आधीसारखा. मुलगा टीव्हीकडे बघत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.